निकाल लावायची एवढी घाई कशाला?

प्रति,
गोव्यातील मराठी दैनिकांच्या मनोरंजन पुरवण्यांचे संपादक

स. न. वि. वि.

परदेशातला मुलींचा एखादा पॉप ग्रुप फुटला, पांगला आणि काही वर्षांनी पुन्हा एकत्र आला, की आपल्या पुरवण्यांत त्याच्या दोनच तऱ्हेच्या बातम्या येतात. एक 'दमदार पुनरागमन', दुसरी 'जादू ओसरली'. मजकूर एजन्सीकडून आलेला, फोटो इन्स्टाग्रामवरून उचललेला, मथळा तेवढा इथे बसून दिलेला. तो देताना आपण नक्की काय मोजता, हे विचारायला हे पत्र लिहिते आहे. एकाच संपादकांना लिहिलं असतं तर ते वैयक्तिक गाऱ्हाणं झालं असतं, म्हणून सगळ्यांना मिळून आणि उघड.

मी फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. आमच्या आठवी-नववीच्या मुली घरी आजीबरोबर भजनाला बसतात, चवथीला फुगड्या घालतात आणि स्नेहसंमेलनात कोरियन गाण्यांवर नाचतात. यात काही विसंगत आहे असं त्यांना वाटत नाही, मलाही वाटत नाही. टूएनीवन या चौघींच्या कोरियन ग्रुपच्या पुनरागमनाच्या बातमीचं कात्रण त्यांच्यापैकी एकीने वर्गात आणलं आणि मधल्या सुट्टीत भांडण जुंपलं. एक गट म्हणे, तिकिटं संपली म्हणजे जिंकल्या. दुसरा म्हणे, नवीन गाणं एकही नाही, सगळी जुनीच, मग जिंकल्या कसल्या? शेवटी प्रकरण 'टीचर, तुम्हीच सांगा' वर आलं. त्यांना जे सांगितलं ते घंटा होईपर्यंतचं होतं. तुम्हाला जरा विस्ताराने सांगते.

आधी आकडे घेऊ, कारण मथळे तिथूनच निघतात. ब्रिटनमधल्या पाच जणींचा ग्रुप स्पाइस गर्ल्स घ्या. १९९६ ते २००० या काळात ब्रिटनमध्ये त्यांची दहा सिंगल्स, म्हणजे सुटी विकली जाणारी गाणी, आली. दर आठवड्याच्या खपाच्या यादीत, म्हणजे चार्टवर, त्यातली नऊ पहिल्या क्रमांकावर गेली, एक दुसऱ्या. २००७मध्ये पाचही जणी परतल्या आणि त्यांचं नवीन गाणं अकराव्या क्रमांकावर अडकलं. म्हणजे आपटलं की नाही? आणि त्याच हिवाळ्यात लंडनच्या ओटू अरीनात, जिथे वीस हजारांच्या आसपास माणसं मावतात, त्यांचे १७ कार्यक्रम झाले. एकाच शहरात, एकाच सभागृहात, सतरा. आता यातला कुठला आकडा मथळ्यात घालायचा, हे मथळा देणाऱ्याला आधीच काय म्हणायचं आहे त्यावर ठरतं.

दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते एका गोष्टीचे नाहीत. त्या आठवड्यात गाणं किती जणांनी घेतलं, एवढंच ती यादी सांगते. १९९६ला खाऊच्या पैशांतून सिंगल घेणारी मुलगी २००७पर्यंत नोकरीला लागलेली असते. ती सिंगल घेत नाही. चार मैत्रिणी गोळा करते आणि तिकीट काढते. शिवाय धंदाच उलटा झाला आहे. पूर्वी दौरा निघायचा तो अल्बम खपावा म्हणून. आता गाणं फोनवर जवळजवळ फुकट वाजतं आणि पैसा दौऱ्यात मिळतो. ब्रिटनच्या यादीत २०१४पासून ऑनलाइन ऐकणंही धरतात, म्हणजे मोजायचं मापच मधल्या मध्ये बदललं. अशा यादीत १९९६चा ग्रुप कितव्या नंबरावर आला यावरून त्याला नापास करणं म्हणजे नव्या अभ्यासक्रमाच्या पेपरात जुन्या विद्यार्थ्याला बसवण्यातला प्रकार आहे.

(एक गोष्ट जाता जाता. टेक दॅट हा मुलग्यांचा ग्रुप १९९६ला फुटला आणि २००६ला चौघांनी नवीन गाणं आणलं. ते पहिल्या क्रमांकावर गेलं. छान झालं. पण त्या चौघांची पोटं सुटली की नाही, ते 'अजूनही तितकेच देखणे' दिसतात की नाही, यावर बातमीचा अर्धा कॉलम कोणी खर्च केल्याचं माझ्या वाचण्यात नाही. बायका परतल्या की मात्र बातमीची पहिली ओळ वयाची आणि दुसरी कपड्यांची. तुमच्या पुरवण्यांत नियमाने. हे थांबवायला फार मोठ्या धोरणाची गरज नाही, एक खोडरबर पुरे.)

आता 'नवं गाणं नाही' ही तक्रार. ती गोव्यातल्या माणसाने करावी याचं मला खरंच हसू येतं. 'सौभद्र' रंगभूमीवर आलं १८८२ साली. आज जत्रेच्या रात्री देवळापुढच्या मांडवात ते लागलं तर अण्णासाहेब किर्लोस्करांनी यंदा नवीन पद दिलं नाही म्हणून कोणी उठून जात नाही. पद तेच, चाल तीच, समोर बसलेल्या निम्म्या लोकांना पाठ. लोक कान देऊन ऐकतात ते यंदाचा गळा ते पेलतो का, कुठे जागा घेतो, कुठे श्वास तुटतो. पेललं तर वन्समोअर. नाही पेललं तर मागच्या खुर्च्यांवरून काय ऐकू येतं ते गावात नाटकात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. अशा मांडवात वाढलेल्या वाचकाला तुम्ही सांगता की टूएनीवनच्या चौघींनी पंधरा वर्षांपूर्वीचीच गाणी म्हटली, म्हणून कार्यक्रम पोकळ! ऐन तारुण्यात जे गाणं उड्या मारत म्हटलं ते तिशी-चाळिशीत, मधली इतकी वर्षं एकत्र तालीम नसताना, चौघींनी एका दमात म्हणणं सोपं असतं का, हे आपल्या कुठल्याही हौशी नाट्यमंडळाला विचारा.

म्हणजे चार्ट नको, नवं गाणंही नको, मग मोजायचं काय? माझं उत्तर असं: कोणाच्या शब्दावर फुटल्या आणि कोणाच्या शब्दावर परतल्या, हे बघा. मुलींचे हे ग्रुप बहुतेक वेळा कंपन्यांनी, मॅनेजरांनी, टीव्हीच्या स्पर्धांनी जमवलेले असतात. आपल्याकडे २००२मध्ये चॅनल व्हीने देशभरातून पाच मुली निवडून 'विवा' केला होता, तो प्रकार आठवत असेल. नाव कंपनीचं, गाणी कंपनीची, कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं तेही वरून ठरणार. मग अशा ग्रुपमधल्या बायका काही वर्षांनी परत येतात तेव्हा विचारायचा पहिला प्रश्न हाच की या वेळी ठरवलं कोणी.

शुगाबेब्जची गोष्ट या बाबतीत सगळ्यांत बोलकी आहे, आणि आपल्याकडे ती कोणी सांगितलेली नाही, म्हणून जरा थांबते. १९९८ला लंडनमध्ये तीन शाळकरी मुली: मुट्या ब्वेना, कीशा ब्युकॅनन, शिवॉन डॉनही. २००१ला शिवॉन बाहेर पडली, तिच्या जागी दुसरी आली. २००५ला मुट्या गेली, तिच्याही जागी नवीन. २००९ला कीशाला काढलं, आणि नंतर जो ग्रुप त्या नावाने गात राहिला त्यात ते नाव घेऊन सुरुवात केलेली एकही मुलगी नव्हती. नाव मात्र तेच, कारण नावावर धंदा होता. मुट्याने नावाच्या हक्कासाठी अर्ज केला तेव्हा तिला तो मिळाला तो कागद, लेखनसाहित्य आणि भेटवस्तूला गुंडाळायच्या कागदापुरता. म्हणजे स्वतःच्या ग्रुपच्या नावाने ती वह्या विकू शकत होती, गाऊ शकत नव्हती! हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुली आधी खो खो हसल्या आणि मग एकदम चिडल्या. दोन्ही बरोबरच होतं.

२०१२ला त्या तिघी पुन्हा जमल्या, पण नाव हातात नव्हतं म्हणून तिघींची नावं ओळीने लावून गायल्या. २०१३चं त्यांचं गाणं ब्रिटनच्या यादीत पन्नासाव्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. अल्बम तयार होता, तो पडून राहिला, त्यातली गाणी बाहेर फुटली. तुमच्या हिशेबाने ही 'जादू ओसरली'ची बातमी, आणि त्या वर्षी ती तशी छापली असती तर आकडा दाखवून सिद्धही करता आली असती. पण पुढे २०१९मध्ये त्या जुन्या नावाने परत गायला लागल्या. २०२२च्या ग्लास्टनबरी महोत्सवात त्यांच्या तंबूकडे इतकी माणसं लोटली की तो भाग बंद करावा लागला. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी पडून राहिलेला अल्बम स्वतःच बाहेर काढला. २०२३ला ओटू अरीना, ज्यात त्या आधी कधी स्वतःच्या नावावर गायल्या नव्हत्या, त्यात त्यांचा कार्यक्रम झाला. मग सांगा, हे पुनरागमन यशस्वी की अयशस्वी? २०१३ला एक उत्तर, २०२३ला दुसरं. मधली दहा वर्षं त्या तिघी चिकटून राहिल्या, भांडल्या, नाव मिळवलं, ही खरी बातमी होती आणि ती कुठल्याच आठवड्याच्या यादीत बसत नव्हती.

याच्या उलट ब्रिटनचाच गर्ल्स अलाउड हा ग्रुप. २००२ला टीव्हीवरच्या स्पर्धेतून जमलेल्या पाच जणी, २००९ला थांबल्या, २०१२ला परतल्या. गाणं दुसऱ्या क्रमांकावर, २०१३चा दौरा मोठमोठ्या अरीनांत. कागदावर सगळं यशस्वी. शेवटचा कार्यक्रम लिव्हरपूलला झाला आणि तो संपताच ग्रुप कायमचा बंद झाल्याची घोषणा. त्यावर पाचांतली एक, नदीन कॉइल, हिने ट्विटरवर जाहीर केलं की या फुटण्यात तिचा काही हात नाही आणि तिला पुढे गायचं होतं. पाच जणी एकत्र आल्या आणि निरोप कसा घ्यायचा यावर पाचांचं एकमत होऊ शकलं नाही! मी याला अपयश म्हणते, तिकिटं कितीही खपलेली असोत. २०२४ला चौघी पुन्हा दौऱ्यावर निघाल्या, कारण पाचवी, सारा हार्डिंग, २०२१मध्ये कर्करोगाने एकोणचाळिसाव्या वर्षी गेली होती. त्या दौऱ्यात तिचा ध्वनिमुद्रित आवाज ठेवला होता. कोरियातल्या कारा या ग्रुपनेही २०२४मध्ये एका जुन्या, तोवर न आलेल्या गाण्यात आपली सहकारी गू हारा हिचा आवाज ठेवला. ती २०१९मध्ये वारली होती. अशा ठिकाणी 'यश' हा शब्द घेऊन कोणी गुण द्यायला बसू नये, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

अमेरिकेतल्या पुसीकॅट डॉल्स या ग्रुपचं पुनरागमन तर धड झालंच नाही. २०१९ला परतल्या, २०२०ला नवीन गाणं आलं, दौरा जाहीर झाला, कोविडने लांबला, मग ग्रुपची संस्थापक आणि मुख्य गायिका यांच्यात कोणाचा वाटा किती यावरून कोर्टकचेरी, आणि जानेवारी २०२२मध्ये दौरा रद्द. त्यांतल्या दोघींनी सांगितलं की रद्द झाल्याचं त्यांना इन्स्टाग्रामवरून कळलं. ग्रुपची सभासद आणि ग्रुपचा चाहता, दोघांना एकाच वेळी बातमी!

आता ज्यावरून भांडण झालं त्या टूएनीवनकडे येते. २००९ला सुरुवात: सीएल, बोम, दारा, मिंझी. २०१६च्या एप्रिलमध्ये मिंझी गेली, नोव्हेंबरमध्ये कंपनीने ग्रुप विसर्जित झाल्याचं जाहीर केलं. सीएलने पुढे सांगितलं की ही गोष्ट तिलाही बातम्यांमधूनच कळली. ही ग्रुपची म्होरकी! मग एप्रिल २०२२. अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात सीएलला स्वतःला गायला बोलावलं होतं. आपल्या वेळेत तिने बाकीच्या तिघींना रंगमंचावर आणलं, आधी कोणाला सुगावा न लागू देता. एकच गाणं. त्याच्या मागे कंपनीची घोषणा नव्हती, अल्बम नव्हता, दौरा नव्हता. माझ्या मते टूएनीवनचं पुनरागमन तिथेच यशस्वी झालं. ज्यांना न विचारता वेगळं केलं होतं त्या कोणाला न विचारता एकत्र आल्या.

त्यानंतरचा दौरा ऑक्टोबर २०२४मध्ये सोलपासून सुरू झाला, मनिला, जकार्ता, बँकॉक करत पुढे गेला. तो जुन्याच कंपनीने काढला, आणि त्यामुळे माझ्या कसोटीवर तो थोडा कमी भरतो हे मला मान्य आहे. नाव कंपनीचं आणि हिशेबही कंपनीचा. पण चौघी चालत आल्या त्या आपण होऊन, आणि पंधरा वर्षांची मैफल म्हणून आल्या. नवीन गाणं देऊ असं त्यांनी त्या दौऱ्याच्या नावावर तिकीट विकताना सांगितलं नव्हतं, मग ते दिलं नाही म्हणून गुण कसे कापायचे? ऑगस्ट २०२५मध्ये प्रकृतीच्या कारणाने बोम थांबल्याचं जाहीर झालं आणि बाकीच्या तिघी गात राहिल्या. आपल्याकडचा मथळा 'पुनरागमनाला ग्रहण'. ग्रहण कसलं? एक बाई आजारी होती, ती विश्रांती घेत होती आणि तिच्या मैत्रिणी ठरलेले कार्यक्रम पार पाडत होत्या. चाळिशी ओलांडलेल्या बाईने तब्येतीसाठी थांबायचं ठरवलं तर तेही अपयशाच्या खात्यात?

थांबण्यावरून आठवलं. आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या ख्यालगायिका केसरबाई केरकर यांनी साठच्या दशकात, आवाज पूर्वीसारखा साथ देईना असं स्वतःला वाटल्यावर, मैफली बंद केल्या. कोणी त्यांना हटवलं नव्हतं. मागणी होती, नाव होतं, तरी थांबल्या. त्यांच्या थांबण्याला अपयश म्हणायची छाती त्या वेळच्या कुठल्या संपादकाची झाली असेल असं वाटत नाही. ख्यालगायकी आणि पॉप यांची तुलना करते आहे असं समजून कोणी रागावू नये. गाण्याची तुलना नाहीच. गाणारीने आपल्या गाण्याचा निर्णय आपण घेणं, एवढ्याच बाबतीत बोलते आहे.

यावर तुमच्यापैकी कोणी म्हणेल, की बाई, श्रोत्याला करारमदार, नावाचे हक्क यांच्याशी काय देणंघेणं? त्याने पैसे मोजले, त्याला गाणं चांगलं ऐकू आलं पाहिजे. खरं आहे. २०१९ला स्पाइस गर्ल्स चौघी, पाचव्या व्हिक्टोरियाशिवाय, दौऱ्यावर निघाल्या तेव्हा डब्लिनच्या पहिल्याच कार्यक्रमात आवाज नीट येत नसल्याची ओरड प्रेक्षकांनी केली आणि ती रास्त होती. महाग तिकीट घेऊन स्टेडियममध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला शब्द कळत नसतील तर त्या रात्रीपुरतं ते अपयशच, मग गाणाऱ्या कोणाच्याही मर्जीने आलेल्या असोत. असं असेल तर तसं लिहा. कार्यक्रम कसा झाला ते कार्यक्रम पाहिलेल्या माणसाच्या शब्दांत छापा. पण तेही आपण करत नाही. पाहिलेलं कोणी नसतं, ऐकलेलं कोणी नसतं, आणि निकाल मात्र मथळ्यात लागलेला असतो. त्या दौऱ्याचे एकूण १३ कार्यक्रम झाले, शेवटचे तीन वेम्बली स्टेडियममध्ये. पहिल्या रात्रीची ओरड आपल्याकडे पोचली, शेवटच्या तीन रात्रींचं काय झालं ते पोचलंच नाही.

म्हणून मागणी छोटी आहे. पुढच्या वेळी असा कुठला ग्रुप परतला की बातमीसोबत एक चौकट द्या: मूळच्या किती जणी आहेत, जी नाही ती का नाही, नाव कोणाच्या मालकीचं, दौरा काढतंय कोण आणि तिकीट घेणाऱ्याला कबूल काय केलं आहे. ही माहिती शोधायला अर्धा तास लागतो. आमच्या नववीच्या मुलींनी संगणकाच्या तासाला ती शोधून काढली, त्यातही अर्धा वेळ एकमेकींच्या हातून माउस ओढण्यात गेला. जागेची अडचण असेल तर फोटो थोडा लहान करा.

आणि लिहायला माणूस नाही असं म्हणत असाल तर त्या भांडणातल्या दोघी लिहायला तयार आहेत. एक म्हणते टूएनीवन जिंकल्या, दुसरीला अजूनही नवीन गाणं हवंच आहे, माझं एवढं सगळं ऐकूनसुद्धा. दोघींचं एकमत होण्याची वाट बघू नका, दोन्ही शेजारी शेजारी छापा. शुद्धलेखन मी तपासून देईन.

आपली नम्र,
एक शिक्षिका आणि रोजची वाचक
फोंडा, गोवा